आप्पांचा कान

परवा दुपारी मंडळात हळदीकुंकवाचा ग्रुप फोटो चालला होता, तर फोटोवाला मलाच तीनदा म्हणाला, दीदी, आप भी मुस्कुराओ ना. आता काय सांगू त्याला, मी हसतच होते!

लहानपणापासून हेच. आई म्हणायची, हसायला काय पैसे पडतात का गं तुला? शाळेच्या सगळ्या फोटोंत मी अशी दिसते की आत्ताच कोणीतरी हातातली जलेबी हिसकावून घेतलीय.

घरी येऊन भाचीला सांगितलं, ती एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे, तर म्हणे मावशी, तुझा रायझोरियस नसेल. म्हणजे? म्हणजे ओठांचा कोपरा बाजूला ओढणारा स्नायू, नावाचा अर्थच हसणारा, आणि काही लोकांना तो नसतोच, काहींना एकाच बाजूला असतो. खरं हसू मात्र दुसराच स्नायू आणतो, गालाच्या हाडापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा, तो सगळ्यांना असतो, पण कुणाकुणाचा मधेच दोन फाटे फुटलेला असतो, एक फाटा वरच्या कातडीला चिकटतो आणि तिथे खळी पडते. आता आमच्या धाकट्या जाऊबाई त्या खळीवर पंचवीस वर्षं मिरवतायत, ती म्हणे फाटका स्नायू! (हे त्यांना सांगणार नाहीये. बहुतेक.)

मग कानांचं निघालं. प्रत्येक कानाभोवती तीन स्नायू असतात, कुत्र्या-मांजरांचे कामाचे, आपले नुसते पडून. तर मी म्हटलं, नुसते कसे, आमच्या आप्पांचा, म्हणजे आजोबांचा, उजवा कान हलायचा.

इंदूरला रामबागेतल्या घरी सकाळी पोहे खाऊन आजोबा ओसरीवर नईदुनिया उघडून बसायचे आणि आम्ही सगळी पोरं समोर उकिडवी, आप्पा, कान! ते पान उलटायचे, चेहरा एकदम मॅजिस्ट्रेटचा, आणि पेपरच्या कडेबाहेर उजवा कान दोनदा मागे जायचा. डावा कधीच नाही. दादा आणि मी महिनाभर आरशासमोर तालीम केली, भुवया हलल्या, टाळू हलली, नाकपुड्यासुद्धा फुगल्या, कान ढिम्म.

आप्पांना हसताना मी कधी बघितलं नाही. पण दादा इंजिनिअरिंगला लागला त्या दिवशी, कोणी न म्हणता, कान हलला होता. आजी म्हणाली, झालं, हसले बघा.

शेवटच्या आजारपणात त्यांचं बोलणं बंद झालं, ओळखही राहिली नव्हती म्हणत होते सगळे. एका दुपारी खोलीत कोणी नव्हतं, मी उशीपाशी वाकून हळूच म्हटलं, आप्पा, कान.

हलला. आईला सांगितलं तर ती म्हणाली, पंखा चालू होता गं, केस उडाले असतील.

आप्पांना त्या बाजूला केस नव्हते.