लॅपटॉप क्रमांक चार : डोंगलचं खरं नाव

जुने लॅपटॉप पुन्हा चालते करण्याच्या माझ्या छंदातला हा चौथा. मागच्या नोंदीत त्याची रॅम वाढवून झाली होती, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली होती आणि त्यावर लिनक्स मिंट २१.३ (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) चढवलं होतं. "आता फक्त वायफाय राहिलंय," असं मी शेवटी लिहिलं होतं. त्या "फक्त"ने माझे तीन रविवार खाल्ले.

हा लॅपटॉप भाच्यासाठी आहे. तो डिप्लोमाला आहे, घर विट्याला, आणि हे काम चाललं होतं आमच्या सांगलीच्या घरी, म्हणून तोही रविवारी सकाळच्या एसटीने यायचा. यायचा तो खरं तर आजीच्या हातचं जेवायला, पण शेवटी माझ्यापेक्षा त्याचेच डोळे जास्त उपयोगी पडले. ते पुढे येईलच.

(टर्मिनल म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी. तिथल्या आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय. टर्मिनलमध्ये काय टाइप करायचं ते तुम्हाला माहीत आहेच.)

आधी आतल्या कार्डाबद्दल. "एलएसपीसीआय -एनएन" (आतल्या कार्डांची यादी देणारी आज्ञा) दिलं की प्रत्येक ओळीत चौकोनी कंसात एक जोडी दिसते. आपली होती १४ई४:४३१५. पहिला भाग चिप बनवणाऱ्याचा, दुसरा त्या चिपचा. लॅपटॉपच्या कंपनीचं नाव, मॉडेल, खालचं स्टिकर हे सगळं विसरा, कार्डाचं आधार कार्ड म्हणजे ही जोडी. इथे ती ब्रॉडकॉमच्या बीसीएम४३१२ ची निघाली. हे ८०२.११ बी आणि जी, म्हणजे वायफायच्या जुन्या पिढ्या, एवढंच जाणणारं कार्ड. त्यापुढची एन नाही, ५ गिगाहर्ट्झ तर नाहीच.

याला लिनक्समध्ये दोन वाटा आहेत. एक म्हणजे कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) बी४३ ड्रायव्हर, ज्याला फर्मवेअर (चिपमध्ये भरायचा प्रोग्रॅम) वेगळं आणून द्यावं लागतं. दुसरी ब्रॉडकॉमचा स्वतःचा डब्ल्यूएल ड्रायव्हर, जो मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर आपणहून सुचवतो. दोन्हींना इंटरनेट लागतं आणि इंटरनेट येणार त्याच कार्डातून! लॅनच्या पोर्टची क्लिप आधीच्या मालकाने मोडलेली, वायर धरून बसावं लागतं. अशा वेळी मोबाइल केबलने जोडायचा आणि यूएसबी टेदरिंग चालू करायचं. कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हर आधीपासून असतो, त्यामुळे मिंटला तो मोबाइल सरळ वायरचं नेटवर्क वाटतो. फोनचं वायफाय चालू असेल तर डेटाही मोबाइलचा जात नाही, घरच्या राउटरचाच येतो. नव्याने या छंदात आलेल्यांनी एवढं एक लक्षात ठेवलं तरी निम्मी डोकेदुखी जाते.

मी घाईत आधी बी४३ चं फर्मवेअर टाकलं आणि मग डब्ल्यूएलही टाकला. एका म्यानात दोन तलवारी. डब्ल्यूएलचं पॅकेज बी४३ ला ब्लॅकलिस्ट करतं (आपोआप लोड होऊ देत नाही), त्यामुळे भांडण झालं नाही, पण फर्मवेअरचा खटाटोप फुकट गेला. कार्ड चाललं. लिंक ५४ मेगाबिटची, वेग मोजणाऱ्या आयपर्फ३ ने मोजलं तर प्रत्यक्षात २१-२२. बिल्डिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर चौदा नेटवर्कं दिसतात, संध्याकाळी तेही निम्म्यावर यायचं. ऑनलाइन लेक्चरला हे पुरणार नाही म्हणून यूएसबीत लावायचं वायफायचं डोंगल घ्यायचं ठरलं.

डोंगल स्वस्तातलं, बोटाच्या पेराएवढं. बॉक्सवर मोठ्या अक्षरात "एसी ६००". एसी म्हणजे एनच्या पुढची पिढी. हा आकडा कसा होतो ते भाच्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. २.४ चे १५० आणि ५ चे ४३३, मिळून ५८३, वरून गोळाबेरीज ६००. एका वेळी मिळणार दोनांपैकी एकच. शिवाय आपला पोर्ट यूएसबी २.०, त्याची स्वतःची कमाल ४८०, तीही कागदावरची.

डोंगल लावलं, "एलएसयूएसबी" (यूएसबीला जोडलेल्यांची यादी) दिलं. ओळ आली ०बीडीए:१ए२बी आणि पुढे नाव : रिअलटेक आरटीएल८१८८जीयू. मी लगेच ८१८८जीयूच्या ड्रायव्हरचा सोर्स (मूळ कोड) शोधला, उतरवला, मेक देऊन बांधला, इन्स्टॉल केला. पहिला रविवार संपला. मॉड्यूल (बांधलेला ड्रायव्हर) लोड होत होतं, एकही एरर नाही आणि वायफायही नाही. ड्रायव्हर मुकाट्याने बसून राहिला तर समजावं की त्याला त्याचं हार्डवेअर सापडलेलंच नाही. मला हे माहीत होतं, पण त्या दिवशी सुचलं नाही.

पुढच्या रविवारी भाचा माझ्या खांद्यावरून बघत होता.

"मामा, याच्या नावात ८०२.११एन लिहिलंय. बॉक्सवर तर पाच गिगाहर्ट्झ एसी आहे."

"हं."

"आणि पुढे कंसात ड्रायव्हर सीडीरॉम मोड असं काहीतरी आहे. ते काय?"

ते कंसातलं मी वाचलंच नव्हतं. ही डोंगलं पोटात एक छोटी खोटी सीडी घेऊन येतात. लावल्याबरोबर कॉम्प्युटरला सांगतात, मी वायफाय नाही, सीडी ड्राइव्ह आहे. विंडोजमध्ये त्या सीडीवरून ड्रायव्हर टाकायचा, तो सीडी बाहेर काढतो आणि मग खरं उपकरण समोर येतं. १ए२बी हा त्या सोंगाचा नंबर. डेटाबेसमध्ये त्यापुढे ८१८८जीयू हे नाव पडलंय, पण वेगवेगळ्या चिपा तेच सोंग घेतात. मी आठवडाभर मुखवट्याच्या मापाचा सदरा शिवत बसलो होतो.

"सीडी इजेक्ट कर," मी म्हटलं. त्याने टर्मिनलमध्ये "इजेक्ट" लिहून एंटर मारला आणि लॅपटॉपचा डीव्हीडीचा ट्रे खडकन बाहेर येऊन शेजारच्या चहाच्या कपाला टेकला. कप अर्धा होता म्हणून वाचलो. खरी ड्राइव्ह एसआर० असते, डोंगलमधली खोटी एसआर१. आज्ञेपुढे दुसरीचं नाव देऊन पुन्हा मारलं. डेस्कटॉपवरचं सीडीचं चित्र गेलं, डोंगलचा निळा दिवा एकदा लुकलुकला, आणि "एलएसयूएसबी"मध्ये आता होतं ०बीडीए:सी८११, ८०२.११एसी एनआयसी. म्हणजे आरटीएल८८११सीयू. हिचीच ब्लूटूथवाली बहीण ८८२१सीयू, दोघींना ड्रायव्हर एकच.

वीज तुटली की डोंगल हे विसरतं आणि परत सीडी होतं. म्हणून यूएसबी-मोडस्विच (अशी सोंगं उतरवणारं पॅकेज) टाकून युडेव्हमध्ये (उपकरण लागलं की नियम चालवणारी व्यवस्था) एका ओळीचा नियम लिहिला : १ए२बी दिसलं की मोडस्विचला "-के" पर्यायाने बोलवायचं. "के" म्हणजे साधं इजेक्ट, बाकी काही जादू नाही.

आता ड्रायव्हर. मिंट २१.३ मध्ये मुळात ५.१५ कर्नल येतो आणि त्यात या चिपसाठी काहीच नाही. रिअलटेकचा आरटीडब्ल्यू८८ हा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासून होता, पण त्यातला यूएसबीचा भाग आला ६.२ पासून. मी आधी हातची वाट धरली : बाहेरून सोर्स आणून डीकेएमएसने बसवायची. डीकेएमएस मुळात डेलच्या लोकांनी बनवलं. कर्नल बदलला की ते सोर्सपासून मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधतं, नाहीतर प्रत्येक अपडेटनंतर वायफाय गायब. चालू कर्नलचे हेडर्स (बांधायला लागणाऱ्या फाइली), बिल्ड-एसेन्शियल आणि डीकेएमएस ही तीन पॅकेजं आधी हवीत. हेडर्स नसतील तर पहिल्या पाच सेकंदांत मेक रडतं. या दोन कोअरच्या म्हाताऱ्याला बांधायला आठ मिनिटं लागली, पंखा असा घोंगावला की आतून आईने मिक्सर लावलाय का म्हणून विचारलं.

चाललं. ५ गिगाहर्ट्झवर लिंक ४३३, आयपर्फवर १८५ ते १९५. स्वयंपाकघरात गेलं की ९० च्या आसपास, अँटेना एकच आहे आणि तीही नखाएवढी.

इथे थांबलो असतो तर तिसरा रविवार वाचला असता. पण कर्नलमध्ये ड्रायव्हर असताना बाहेरचा बांधत बसणं मला पटत नाही. भाचा विट्याला, अपडेट तो करणार, एखाद्या कर्नलवर सोर्स बांधला गेला नाही की फोन मला येणार. तेव्हा अपडेट मॅनेजरमधून लिनक्स कर्नल्स उघडून ६.८ निवडला. इन्स्टॉल निम्म्यावर असताना लाइट गेली. या लॅपटॉपची बॅटरी मोजून चार सेकंद टिकते.

लाइट आल्यावर ग्रबच्या (चालू होतानाच्या मेनूच्या) अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुन्या ५.१५ ने चालू केला, "डीपीकेजी --कॉन्फिगर -ए" मारलं, अर्धवट राहिलेलं सगळं पुरं झालं. म्हणूनच जुना कर्नल मी कधी लगेच उडवत नाही. मग डीकेएमएसवाला ड्रायव्हर काढला, ६.८ ने चालू केला, आणि वायफाय नाही. नियम काम करत होता, सी८११ दिसत होतं, "एलएसमॉड"मध्ये (लोड झालेल्या मॉड्यूलच्या यादीत) आरटीडब्ल्यू८८ चा पत्ता नाही. हाताने "मोडप्रोब" देऊन ८८२१सीयूचं मॉड्यूल बोलावलं तर दोन सेकंदांत नेटवर्कांची यादी हजर!

धागा इथेच सापडला. नाव घेऊन बोलावलं तर येतं आणि आपणहून येत नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा एकच. ब्लॅकलिस्ट फक्त आपोआप लोड होणं अडवते, नाव घेऊन हाक मारली तर ती आड येत नाही. मोडप्रोब-डीच्या फोल्डरमध्ये ग्रेप मारला (नाव शोधलं) तर एक फाइल निघाली. वर माझीच कॉमेंट : "तात्पुरतं, नंतर काढणे". आदल्या रविवारी मी दोन ड्रायव्हर भांडू नयेत म्हणून स्वतःच लिहून ठेवलेली. भाचा काही बोलला नाही, नुसता हसला.

फाइल काढली, इनिट-रॅम-एफएस (चालू होताना आधी लोड होणारा संच) अपडेट केलं, रीस्टार्ट. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) फर्मवेअर लोड झाल्याची ओळ स्वच्छ दिसली. ते लिनक्स-फर्मवेअर पॅकेजमधूनच आलं, वेगळं काही आणावं लागलं नाही.

वेग तेवढाच, पण पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) मधूनच २ मिलिसेकंदांवरून १२० ला उडी मारत होतं. वायफायची वीजबचत. नेटवर्क मॅनेजरच्या कॉन्फ-डी फोल्डरमध्ये वायफाय-पॉवरसेव्हची फाइल असते, त्यात ३ च्या जागी २ लिहायचं, म्हणजे बचत बंद. तसंही चार सेकंदांच्या बॅटरीची काय बचत करायची!

हेच डोंगल माझ्या डेस्कटॉपवरही लावून पाहिलं. तिथे विंडोज आणि मिंट दोन्ही आहेत. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी. तिथेही व्हीआयडी आणि पीआयडी म्हणून तीच जोडी दिसते. सोबतच्या सेटअपमध्ये ड्रायव्हरबरोबर एक युटिलिटीही येते. ती मी टाकत नाही. एक्सपीच्या काळात कार्डाची युटिलिटी आणि विंडोज दोघं वायफायवर हक्क सांगायचे, "विंडोजला सेटिंग करू दे" अशी एक खूण काढायची की ठेवायची यावर संध्याकाळी जायच्या. आता विंडोजची स्वतःची सेवा पुरेशी आहे. सेटअप उलगडून आतली ड्रायव्हरची आयएनएफ फाइल काढली आणि ॲडमिनच्या खिडकीतून "पीएनपीयुटिल"च्या ॲड-ड्रायव्हर, इन्स्टॉलने बसवली. काम तमाम. "तुमचे ३७ ड्रायव्हर जुने आहेत" म्हणणाऱ्या ड्रायव्हर-अपडेटरांना मी घरात घेत नाही. एखादा नवा ड्रायव्हर बिघडला तर रोल बॅकचं बटण त्याच प्रॉपर्टीजमध्ये आहे.

डेस्कटॉपवर सिक्युअर बूट (सही नसलेलं आत न घेणारी सोय) चालू असल्याने मिंटमध्ये आणखी एक फरक दिसला. हाताने बांधलेलं मॉड्यूल लोड करायला गेलं की "की रिजेक्टेड". स्वतःची किल्ली बनवून, रीस्टार्टनंतरच्या त्या निळ्या पडद्यावर एनरोल एमओके करून (ती किल्ली नोंदवून), पासवर्ड देऊन मगच आत प्रवेश. कर्नलबरोबर आलेल्या मॉड्यूलवर सही आधीच असते, त्याला कोणी अडवत नाही.

जाता जाता : डेस्कटॉपवर डोंगल यूएसबी ३.० च्या हार्ड डिस्कशेजारी लावलं की २.४ वरचा सिग्नल कोसळतो. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका त्या पट्ट्यात पडतो, इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून लिहिलंय. एक हात लांबीची एक्स्टेन्शन केबल लावली, प्रश्न मिटला.

क्रमांक चार गेल्या सोमवारी विट्याला गेला. काल रात्री भाच्याचा मेसेज : मित्रालाही डोंगल घ्यायचंय, एकाकडे जुनं पडलंय, हे चालेल का? सोबत बॉक्सचा फोटो, चार बाजूंनी काढलेला. मी लिहिलं, बॉक्स नको, एलएसयूएसबीची ओळ पाठव. दहा मिनिटांनी ओळ आली, ०बीडीए:८८१२. ही ८८१२एयू. तिचा ड्रायव्हर ६.१४ कर्नलमध्ये आहे, म्हणजे मिंट २२.२. मित्राकडे २१.३.

पेन ड्राइव्ह शोधून ठेवलाय. रविवारी पहिल्या एसटीने दोघं येतायत.