तुम्ही विचारलंत म्हणून : वही कोरीच का येते?

‘दोन भेटींच्या मधलं काम क्लायंट करूनच आणत नाहीत, काय करायचं?’ इंदुरात नव्यानं समुपदेशन सुरू केलेली मंडळी हे हमखास विचारतात. माझा उलट प्रश्न असतो, काम सांगितलं कधी? बहुतेकदा शेवटच्या दोन मिनिटांत, उठता उठता. 50 मिनिटांच्या भेटीत पस्तिसाव्या मिनिटाला वही उघडायला हवी. पहिली नोंद तिथंच, तुमच्यासमोर व्हावी : प्रसंग, मनात आलेला विचार, भावना, तिची तीव्रता शंभरात किती. विचार हिंदीत आला असेल तर हिंदीतच लिहू द्या. इथं ऑफिसातली चिडचिड मराठीत येत नाही. ‘गृहपाठ’ हा शब्द मात्र टाळाच. तो ऐकून चाळिशीचा माणूसही हात पुढे करून छडीची वाट बघतो.

‘रोज फिरायला जा’ हा नुसता सल्ला झाला. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळच्या चहानंतर, नेहरू पार्कात एक फेरी’ हे काम. मग विचारा, जमेल याची खात्री दहात किती? आठच्या खाली आकडा आला की काम निम्मं करा. ‘हो हो, करते ना’वर विसंबू नका, तो बऱ्याचदा निव्वळ संकोच असतो.

भीतीच्या कामात चूक महागात पडते. गर्दीची धास्ती असलेल्याला पहिल्याच आठवड्यात रात्री दहाला सराफ्यातल्या गजबजलेल्या खाऊगल्लीत धाडलंत, तर तो पाचव्या मिनिटाला पळेल. पळाल्यावर जीव शांत होतो आणि मनात पक्कं बसतं, पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी पाऊल आणखी जड. त्यापेक्षा दुपारी राजवाड्यासमोर वीस मिनिटं. निघण्याआधी लिहायचं, काय होईल असं वाटतंय. परतल्यावर, खरंच काय झालं. सोबत बहीण, हातात पाण्याची बाटली, या कुबड्या पुढच्या फेऱ्यांत एकेक करून सोडायच्या.

पुढच्या भेटीची पहिली पाच मिनिटं याच कामाची. तुम्ही दोनदा विचारायला विसरलात की तिसऱ्यांदा वही घरीच राहते. झालं नसेल तर ‘का नाही केलं?’ नको, ‘कुठं अडलं?’ विचारा. कधी उत्तर अगदी साधं निघतं : रामबागेतल्या एकत्र घरात वही सासूबाईंच्या हाती पडेल. मग नुसते आकडे लिहायला सांगा, नाहीतर मोबाइलला लॉक लावून त्यातच.