कानामागून आलं

दुपारच्या चहाबरोबर भडंग खात होतो आणि तळलेल्या लसणाची एक कडक पाकळी नेमकी उजव्या दाढेखाली आली. डोळ्यांत पाणीच आलं. भडंगातला लसूण सालीसकट खायचा असतो, बाजूला काढायचा नसतो. त्यामुळे चूक पाकळीची नव्हती.

राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, दाढ ठणठणीत आहे. हिरडी मागं सरकलीय, मूळ उघडं पडलंय." वयानं होतं म्हणे. आणि जन्मभर ब्रशनं भांडी घासल्यासारखे दात घासले की लवकर होतं. मग त्यांनी कीटण काढायचं यंत्र सुरू केलं. टोकाला बारीक थरथर आणि पाण्याची धार. अशाच एका खुर्चीत बसल्यावर चार्ल्स केलमन नावाच्या न्यूयॉर्कच्या नेत्रतज्ज्ञाला सुचलं, की दातावरचं कीटण जर थरथरीनं सुटतं, तर डोळ्यातला मोतीबिंदू का नाही फुटणार? १९६७ मध्ये त्यानं ते करून दाखवलं. आज सकाळी ऑपरेशन करून माणसं दुपारी घरी जेवायला येतात ती त्याच्यामुळे. मी तोंड वासून पडलो होतो, मला फक्त घरचा तांबडा रस्सा आठवत होता.

आमच्या आजीच्या वेळी 'मोती पिकू दे' म्हणून वाट बघत बसायचे. पिकेपर्यंत आजी भिंतीला हात लावत चालायची. मग ऑपरेशन, डोळ्यावर हिरवी पट्टी, मान हलवायची नाही. पुढं तो जाड भिंगांचा चष्मा, ज्यातून तिचे डोळे दुप्पट मोठे दिसायचे आणि आम्ही काय लपवलंय ते सगळं तिला कळतंय असं वाटायचं. आता भिंग आतच बसवतात आणि पिकायची वाटही बघत नाहीत.

दात मात्र तिचे त्याच्या आधीच गेले होते. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिसरी ती सकाळ-संध्याकाळ लावायची. दात घट्ट होतात, असं गल्लीतल्या सगळ्या बोळक्या बायका एकमेकींना सांगायच्या. पान मात्र सुटलं नाही. त्यासाठी तिच्याकडं वीतभर उंचीचा पितळी खलबत्ता होता. देठ खुडलेलं पान, कात, बोटाच्या टोकाएवढा चुना, अडकित्त्यानं बारीक केलेली सुपारी. कुटायचं काम नातवंडांचं. फार जोरात कुटलं तर रस उडून चादरीवर डाग पडायचा, हळू कुटलं तर सुपारी तशीच राहायची. मधला ठोका एकट्या माझ्या थोरल्या बहिणीलाच जमायचा. झालं की आजी तर्जनीनं तो लाल गोळा काढून गालात सारायची आणि अर्धा तास घरात शांतता असायची.

माझं एक निरीक्षण आहे, कुणी मानो न मानो. चष्म्याला आपल्याकडं मान आहे. कवळीची थट्टा होते, पण तीही चालते. रात्री ती काढून पाण्यात ठेवणारा माणूस सकाळी बसवून सगळ्यांत मिसळतो. पण कानाचं मशीन म्हटलं की माणसाचा चेहरा पडतो. आणि हे कुठं, तर कोल्हापुरात! ज्या गावात चुरगळलेले कान बघितले की लोक उठून जागा देतात. मातीत घासून घासून कानात रक्त साकळतं, कूर्चा दुमडून कडक होते आणि पैलवान जन्मभर ती पावती घेऊन हिंडतो. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेत कुस्त्या केलेल्या आमच्या गल्लीतल्या वस्तादांचे दोन्ही कान असे आहेत. त्यांना मशीनचं सुचवलं तर म्हणाले, "मला काय बहिरं समजलास व्हय?"

पण वस्तादांना आवाज ऐकू येत होता, हीच तर गोम. उतारवयात आधी उंच पट्टीचे स्वर जातात. बोलण्यातले स, श, फ असले हलके आवाज त्यातच येतात. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. बायकांचा आणि लहान पोरांचा आवाज त्यातच अडकतो, तालमीतल्या मित्राचा मात्र खणखणीत पोचतो. (हे मी घरी सांगून बघितलं. "मग पगाराचा दिवस बरा ऐकू यायचा," असं उत्तर आलं.) शिवाय कोल्हापुरात सगळेच वरच्या आवाजात बोलतात, म्हणून पाचेक वर्षं कुणाला पत्ताही लागत नाही. वस्तादांच्या सुनेनं त्यांना सांगितलं, "मामा, रिपोर्ट आला, साखर वाढलीय." वस्ताद हात धुऊन पाटावर येऊन बसले. भाकर वाढलीय, असं त्यांनी ऐकलं.

आम्ही हसलो. नंतर ते गंगावेशच्या दूध कट्ट्यावर यायचे कमी झाले. आले तरी सगळे हसले की मागून हसायचे. मला ते बघवेना. २०२० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीनं विस्मरणाच्या आजाराची टाळता येण्याजोगी जी कारणं सांगितली, त्यात कमी ऐकू येणंही होतं. हे मी त्यांच्या मुलाला सांगितलं. मुलानं गोड बोलून, थोडी दमदाटी करून त्यांना कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. आधी तर चावी आणि काडी घालून घालून आत दाबून बसवलेला मळच निघाला. तेव्हा वस्ताद विजयी मुद्रेनं बघत होते. मग तपासणीचा आलेख आला आणि गप्प झाले.

मोडलेल्या कानात मशीन बसेना, म्हणून कानाचं माप घेऊन साचा करावा लागला. सेल बारीक, त्यावर केशरी चिकटपट्टी. ती काढून मिनिटभर हवा लागू द्यायची, मग घालायचा. जस्त आणि हवेवर चालतो तो. वस्तादांच्या बोटांत तो मावत नाही, म्हणून नात घालून देते.

पहिल्या दिवशी ते दारातच थबकले. दोन पावलं पुढं, दोन मागं. गेली दोन-तीन वर्षं शिवाजी चौकाजवळच्या एका चप्पलवाल्याशी त्यांचं भांडण चालू होतं, की चप्पल पूर्वीसारखी करकर वाजत नाही, माल हलका वापरतोस. तीन जोड परत केले होते.

"आयला," म्हणाले, "वाजतीय की!"

चप्पलवाल्याकडं काही गेले नाहीत. आता रात्री साडेदहाला शतपावली घालतात, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि आम्ही सगळे जागे असतो.