खणाचा पडदा

आमच्या दिवाणखान्याच्या भिंती बिस्किटाच्या रंगाच्या आहेत. सोफा चहात बुडवलेल्या बिस्किटाचा आणि पडदे, अगदी गेल्या दिवाळीपर्यंत, न बुडवलेल्या. घर घेतलं तेव्हा ही निवड आम्ही दोघांनी मिळून केली होती. कारण काय, तर डोळ्यांना खुपायला नको. नाही खुपलं. दहा वर्षं त्या खोलीत डोळ्यांना काहीच झालं नाही.

पडदे विरले म्हणून दुकानात गेले, तर तिथल्या मुलाने नमुन्यांचं जाडजूड पुस्तक पुढ्यात टाकलं. आयव्हरी, क्रीम, सँड, ऑफव्हाइट. मी पानं उलटत होते आणि तो प्रत्येक पानाला "हा एकदम वेगळा आहे मॅडम" म्हणत होता. घरी येऊन साडी बदलायला कपाट उघडलं. आत डाळिंबी, आमसुली, चिंतामणी, गुलबक्षी, श्रीखंडी. ज्या भाषेत रंगांना फळाफुलांची आणि पक्वान्नांची नावं आहेत, त्या भाषेतली बाई भिंतीसाठी मात्र वाळूचा रंग मागते, याची त्या दिवशी जरा लाज वाटली. अंगावर आपण काहीही मिरवतो, घराला मात्र कायम सुतकात ठेवतो.

तर ठरलं. पडदे खणाचे.

लक्ष्मी रोडवरच्या दुकानात डाळिंबी खणाचा तागा काढायला लावला. हिरवे काठ, अंगभर तांदळाएवढे बुट्टे. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, त्यामुळे हातात घेऊन हलवला की धूपछाव दिसते. एकदा डाळिंबी, एकदा जांभळाकडे झुकलेला.

"ब्लाउजला एक मीटर पुष्कळ होतं ताई."

"अकरा द्या."

दुकानदाराने मीटरपट्टी खाली ठेवली. "घरात लग्न आहे का?"

पडदा म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला, पण अकरा मीटरचं गिऱ्हाईक कोण सोडतंय!

खरी गंमत पुढेच होती. खण म्हणजे मुळात चोळीचं कापड. कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला तो विणला जातो; साडीचं इरकल म्हणजे इळकलही त्याच जिल्ह्यात. ती साडी आणि हा खण अशी जोडी तिकडून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या येत आली. चोळीला लागतो तेवढाच त्याचा पन्हा, जेमतेम एकतीस इंच. दोन्ही कडांना काठ, कारण एक काठ दंडावर यायचा असतो आणि एक पाठीशी. या कापडाने कधी खिडकी पाहिलेलीच नाही.

आमची खिडकी पाच फूट रुंद. चुण्या नीट पडायच्या तर कापड दुप्पट हवं, म्हणजे एकशेवीस इंच. एकतीसचे चार पन्हे जोडले की शिलाई जाऊन तेवढं होतं. उंची सात फूट, वर नेफा आणि खाली दुमड धरून आठ. शिवणाऱ्या मास्तरांनी हा हिशेब माझ्यासमोर वहीच्या मागच्या पानावर केला आणि पेन्सिल कानामागे खोचून म्हणाले, "काठ कापून टाकतो. नाहीतर जोडाजोडाला पट्टे दिसतील."

"दिसू देत की."

"पडद्यावर उभे हिरवे पट्टे?"

"काठासाठीच तर घेतलाय हो!"

मास्तर मला समजावत राहिले, मी त्यांना. शेवटी ते तयार झाले, पण त्यांची एक अट होती. काठ ठेवायचे तर बुट्ट्याला बुट्टा लागला पाहिजे, वाकडं काम ते देणार नाहीत. मग प्रत्येक पन्हा थोडा वर सरकव, थोडा खाली सरकव, असं करत त्यांनी चारही तुकडे जमिनीवर मांडले. गुडघ्यावर बसून, तोंडात टाचण्या धरून. मला जोड शोधूनही सापडेना. अस्तर घालायलाही त्यांनीच लावलं. खणाच्या मागच्या बाजूला धागे सुटे असतात, ते समोरच्या इमारतीला कशाला दाखवायचे? शिवाय आमची खिडकी पश्चिमेची. बिनअस्तराचा डाळिंबी दोन उन्हाळ्यांत विटकरी झाला असता. मांजरपाट लावला.

पडदा चढला त्या संध्याकाळी मी दारात उभी राहून पाहिलं आणि पोटात गोळा आला. इतके पैसे घालून आणलेले बुट्टे कुठे गेले? दहा फुटांवरून ते दिसतच नाहीत. नुसता भरीव डाळिंबी रंग, आणि हलला की त्यावर बारीक शहारा. बुट्टे पाहायचे तर जवळ जावं लागतं. पहिल्या आठवड्यात आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा काही ना काही निमित्त काढून खिडकीशी गेला.

सासूबाईंनी पहिल्या दिवशी फक्त "बरं" म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दिवाणावरची बिस्किटी चादर काढून आपल्या ट्रंकेतली सोलापुरी अंथरली. निळी-पांढरी, हातभर मोठ्या नक्षीची. मला वाटलं, आता पडद्याची आणि चादरीची जुंपणार. पण जुंपली नाही. पडद्याची नक्षी तांदळाएवढी आणि चादरीची ताटाएवढी, त्यामुळे एकमेकींच्या वाटेला जातच नाहीत. भांडण लावलं ते मी, मधल्या आकाराची फुलं असलेले अभ्रे घालून. ते दोन दिवसांत काढले. सोलापुरी चादरीची आणखी एक सोय असते. उलटी केली की नक्षीचे रंग आपसांत बदलतात, निळ्यावर पांढरं होतं ते पांढऱ्यावर निळं. सासूबाई दर पंधरवड्याला ती पालथी घालतात आणि "चादर बदलली" म्हणून जाहीर करतात.

मास्तरांनी उरलेला खण घडी घालून परत दिला होता, पाऊण मीटरच्या वर. तो मी ठेवून दिला आणि विसरले. सासूबाई विसरल्या नव्हत्या. चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्यांनी त्याची त्रिकोणी घडी केली, तांदूळ, सुपारी, नारळासकट, आणि शेजारच्या काकूंची ओटी भरली. ओटीचे खण पुष्कळदा असे या घरातून त्या घरात फिरत राहतात, न शिवताच. हाही फिरेल, असं मी धरून चालले होते.

काकूंनी तो शिवला. परवा त्या आल्या त्या नेमक्या तेच ब्लाउज घालून, आणि बसल्या खिडकीपाशी. बोलता बोलता हात वर करायच्या तेव्हा दंड पडद्यात नाहीसा व्हायचा आणि पुढे नुसत्या बांगड्या हलायच्या. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. काकूंनी एकदा दंडाकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे.

"अगं," त्या म्हणाल्या, "अजून आहे का यातला? बहिणीला हवाय."