रिकामं पाणीही लिहायचं असतं

डॉल्फिनच्या अभ्यासाला इंटर्न म्हणून यायचं तर काय काय यायला हवं, असं मला विद्यार्थी विचारतात, त्यांचे आईवडीलही विचारतात. बहुतेकांच्या मनात पोहणं आणि कॅमेरा असतो. पोहता आलेलं चांगलंच, पण डॉल्फिनजवळ आम्ही पाण्यात उतरत नाही. कॅमेरा शिकवता येतो. मला जाणून घ्यायचं असतं ते वेगळंच: चार तास काही दिसलं नाही, तरी पाचव्या तासाला तुमची नजर पाण्यावर असेल का?

आम्ही सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर काम करतो, मुख्यतः हंपबॅक डॉल्फिनवर. पाठीवर लांबट उंचवटा आणि त्यावर छोटा त्रिकोणी पर, अशी त्याची ठेवण. तो किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच राहतो, म्हणजे नेमका जिथे मासेमारी होते तिथेच. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या प्रजाती नोंदवणाऱ्या लाल यादीत तो २०१७ पासून संकटग्रस्त आहे. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं, तेही काही वर्षांच्या अंतराने. त्यामुळे जाळ्यात अडकून एक मादी गेली तरी ती भरून यायला फार काळ लागतो.

होडीवर दोघं दोन बाजूंना बघतात, तिसरा लिहितो. वेळ, जीपीएस, वारा, लाटा, खोली, आसपासच्या होड्या आणि जाळी. डॉल्फिन दिसले तर कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, पिल्लं किती. आणि दिसले नाहीत तरी तक्ता तितकाच भरायचा. नवी मुलं इथेच कंटाळतात. पण किती पाणी पाहिलं हे कागदावर नसेल, तर किती डॉल्फिन दिसले या आकड्याला काही अर्थच उरत नाही. मला विचाराल तर ज्याचा रिकामा तक्ता नीट भरलेला असतो, तोच विद्यार्थी कामाचा.

संध्याकाळी फोटो. पाठीवरच्या पराच्या मागच्या कडेवरच्या खाचा बघून कोणता डॉल्फिन ते ओळखायचं. ओरखडे पुसट होतात, खाचा टिकतात. डावीकडून घेतलेल्या फोटोतली खाच उजवीकडच्या फोटोत उलटी दिसते, हे डोळ्यांत बसायला वेळ लागतो. धूसर फोटो, कितीही जीव अडकला असला तरी, बाजूला ठेवायचा. ओढूनताणून जुळवलेला एक पर पुढची सगळी मोजणी बिघडवतो.

आणि बंदरावर बसता यायला हवं. डॉल्फिन जाळी फाडतात, नुकसान मच्छीमाराचं होतं. त्याला पहिलाच प्रश्न 'डॉल्फिन वाचवायला हवेत ना?' असा टाकलात, तर तो उठून जाईल, आणि त्याचं बरोबरच आहे. आधी मासळीचं विचारा, जाळ्याच्या आसाचं, म्हणजे भोकाच्या मापाचं विचारा, डिझेलचं विचारा. होडी लागल्यावर तांडेलच, म्हणजे होडीचा म्होरक्याच, 'काय गो, काय गावला?' म्हणून हाक मारायला लागला, की मग तुम्हाला प्रश्न विचारावे लागत नाहीत. कुठल्या महिन्यात डॉल्फिन कुठे असतात ते तोच सांगतो.

समुद्र साधारण ऑक्टोबर ते मे आम्हाला काम करू देतो. निदान दोन महिने देता येणार असतील तरच कळवा. आठवड्याभरासाठी आलेल्याचं उन्हाने सोललेलं नाकही बरं झालेलं नसतं, तोवर तो परत निघालेला असतो.