ब्रँचला त्रास नाही

१ जुलै २०२१, गुरुवार, रात्री

"नऊला शुक्रवारी लस घे की ताई, दुसरा शनिवार आहे, सलग दोन दिवस सुट्टी मिळते, ब्रँचला त्रास नाही." बँकेतले आमचे काका एवढंच म्हणाले आणि नोटा मोजायच्या मशीनकडे वळले. वाईट काही बोलले नाहीत. हिशोबाने बघितलं तर बरोबरच बोलले. पण सकाळपासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. पेन्शनची गर्दी संपली, कॅश टॅली झाली, घरी आले, भाकऱ्या टाकल्या, धाकट्याचा ऑनलाइनचा अभ्यास घेतला, सगळे झोपले, आणि मी अजून तिथेच अडकलेय.

ब्रँचला त्रास नाही म्हणजे काय, तर ताप मी माझ्या शनिवार-रविवारी काढायचा. अंगदुखी घरी, स्वयंपाक घरी, आणि सोमवारी दहाला केस बांधून परत काउंटरवर. माझा आजारपणाचा दिवससुद्धा ब्रँचच्या सोयीने निघायला हवा, हे कुणी ठरवलं?

हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर एवढं लागलं नसतं. म्हणाले काका, आणि तेही या आठवड्यात.

त्यांचा पहिला डोस ५ एप्रिलचा. पंचेचाळीसच्या वरच्यांना १ एप्रिलला सुरू झाली तेव्हा आपलं इयर एंडिंग, दोनला गुड फ्रायडे, शनिवारी कामाचा डोंगर, म्हणून ते सोमवारी गेले होते. दुसऱ्या दिवशी आलेसुद्धा, खिशात डोलोची स्ट्रिप घेऊन. तेव्हा दुसरा डोस सहा ते आठ आठवड्यांनी म्हणत होते, मग १३ मेला कोविशील्डचं अंतर बारा ते सोळा आठवडे केलं आणि काकांची तारीख पुढे गेली. ८४ दिवस झाल्याशिवाय लसनोंदणीचं कोविन पुढे सरकतच नाही. काका कॅलेंडरवर पेन्सिलने खुणा करत होते ते मी बघितलंय. ८४ वा दिवस आला २८ जूनला, सोमवारी. म्हणजे तिमाही अखेरच्या दोन दिवस आधी, पीककर्जाच्या रिन्युअलची रांग दारापर्यंत असताना, आणि त्याच दिवसापासून परत लेव्हल तीनचे निर्बंध, दुकानं चारला बंद म्हणून अख्खा तालुका सकाळीच बँकेत.

त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत "जरा ग्रामीण रुग्णालयात जाऊन येतो" म्हणाले. आम्हाला वाटलं बीपीच्या गोळ्या.

मंगळवारी साडेनऊला ग्रुपवर मेसेज. काल दुसरा डोस घेतला, रात्रीपासून ताप १०२, आज येत नाही, आणि खाली जोडलेले हात. त्यावर मॅडमचा एकच शब्द, "चावी?"

सेफला दोन चाव्या लागतात, एक काकांची, एक मॅडमची, एकटीने उघडता येत नाही. आणि काकांची चावी काकांच्या घरी. शेवटी मीच चाव्यांचं रजिस्टर पिशवीत घालून स्कूटीवर गेले, कारण त्यांच्या जागी चार्ज मलाच घ्यायचा होता. काका शाल पांघरून ओट्यावर आले. जूनच्या उकाड्यात शाल. मास्क लावलेला, डोळे लाल. उभं राहवेना म्हणून पायरीवर बसले आणि रजिस्टर मांडीवर घेऊन सही केली. ती सही मी बघत होते. त्यांची सही म्हणजे कशी ठसठशीत, शेवटची रेघ मागे फिरवून खाली दोन टिंबं, ही मात्र मध्येच तुटली, टिंबं द्यायची राहिली. कोपऱ्यात त्यांच्या धाकट्या भावाची मोटारसायकल तशीच झाकून उभी होती, कव्हरवर धूळ.

मी चावी घेतली आणि निघाले.

सेफ उघडायला पावणेअकरा झाले. बाहेर लोक शटरवर हात आपटत होते. मंगळवार, बुधवार दोन्ही काउंटर मी ओढले, एकीकडे रोख, एकीकडे पासबुक, मध्ये आजोबा स्लिप भरून द्या म्हणतायत, बुधवारी तर जेवणाचा डबा तसाच घरी परत आणला. साहेब आत रिकव्हरीच्या फोनवर. कुणी "दमलीस का" असं विचारलं नाही, आणि मला ते हवं होतं, लिहायला संकोच वाटतोय पण हवं होतं.

तापाबद्दल माझी तक्रार नाही. ताप मी डोळ्यांनी बघितला. पहिल्या डोसला जास्त त्रास होतो, दुसऱ्याला कमी, असं सगळे म्हणतात, काकांचं उलटं झालं, त्याला ते काय करणार. पण सोमवारी दुपारी जाताना एक वाक्य बोलायला काय हरकत होती? "लस घ्यायला चाललोय, चावी मॅडमना देऊन ठेवतो, उद्याचं बघा." बास. मी नाही म्हणणार होते का? तिमाही अखेर आहे, दोन दिवस थांबा, असं मी कुणालाच म्हणणार नाही, ज्याला ज्या दिवशी मिळतेय त्याने त्या दिवशी घ्यावी, मे महिना सगळ्यांनी बघितलाय. मला फक्त आधी कळायला हवं होतं. आधी कळलं की डबा लवकर खाता येतो, मुलांना सांगून येता येतं, आदल्या संध्याकाळी स्लिपा लावून ठेवता येतात. काम तेवढंच असतं पण अंगावर येत नाही.

वन्सं जिल्ह्याच्या दवाखान्यात स्टाफ नर्स आहेत. १६ जानेवारीला लसीकरण सुरू झालं तेव्हा त्यांच्या वॉर्डात सिस्टर इन्चार्जनी सगळ्यांना एका दिवशी घेऊच दिली नाही. एका कागदावर नावं, आज या चौघी, परवा त्या चौघी, नाइटवाल्यांनी ड्युटी संपवून. कुणाला ताप आला तर तिच्या जागी कोण, तेही पुढे लिहिलेलं. एवढा साधा कागद आपल्याकडे कुणाला सुचला नाही. आपल्याकडे प्रत्येकाने आपापलं उरकलं. पीओने, म्हणजे आमच्या प्रोबेशनरी ऑफिसरने, मे महिन्यात रात्री मोबाईल धरून बसून कुठल्यातरी लांबच्या आरोग्य केंद्राचा स्लॉट धरला आणि गुपचूप जाऊन आला, दुसऱ्या दिवशी दंड धरून लॉगिन करत होता तेव्हा कळलं. मावशींनी घेतली तर त्या दुसऱ्या दिवशी तापातच फरशी पुसत होत्या, कारण त्यांचा खाडा धरतात. त्यांना मी घरी जा म्हटलं, त्या गेल्या नाहीत. हा वेगळाच विषय आहे, त्यावर लिहायला बसले तर सकाळ होईल.

आणि शुक्रवारी नऊलाच घे म्हणणं सोपं आहे, तारीख आपल्या हातात असते का? ग्रामीण रुग्णालयात साठा आला तर आदल्या रात्री कळवतात, नाही आला तर गेटवर कागद, आज लसीकरण बंद. एका बाटलीत दहा डोस, दहा जण जमल्याशिवाय सिस्टर बाटली उघडत नाहीत, उघडली की चार तासांत संपवायची. १ मेला आमच्या वयोगटाला सुरू केली आणि १२ मेला महाराष्ट्रात थांबवली, कारण पंचेचाळीसच्या वरच्यांचे दुसरे डोसच पुरत नव्हते. जूनमध्ये परत सगळ्यांना खुली झाली तेव्हापासून मी बघतेय. सोमवार ५ तारखेचा स्लॉट काल रात्री लागला, चार आकडी कोड आलाय, तो मी वहीत पण लिहून ठेवलाय. तो सोडून नऊची वाट बघायची, आणि नऊला गेटवर कागद दिसला तर? मग पुढचा चौथा शनिवार?

घरी तर अजून एक चालू आहे. ते पाळीच्या आधी पाच दिवस नंतर पाच दिवस घेऊ नका वालं फॉरवर्ड, सरकारने खोटं म्हणून सांगितलं तरी सासूबाईंच्या मनातून जात नाही. ह्यांनी त्यात भाग घेतला नाही. असो.

अकरा वाजून गेले. मघाशी पाणी प्यायला उठले आणि एप्रिल आठवला. ह्यांचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी मी घाबरून काकांना फोन केला होता, उद्या येता येणार नाही, काउंटरचं काय. "तू फोन ठेव आणि आधी ऑक्सिमीटर बघ," म्हणाले. तेव्हा बँका दहा ते दोन चालू होत्या, माणसं निम्मी, तरी दोन्ही काउंटर त्यांनीच ओढले असणार. मी परत आले त्या दिवशी माझ्या ड्रॉवरमध्ये दहाच्या नोटांची बंडलं नीट लावलेली होती, स्टॅम्प पॅडला शाई घातलेली. त्यावर ते कधी बोलले नाहीत. मीही आधी सांगून गेले नव्हते, सांगता येण्यासारखं नव्हतंच ते.

आणि मग मे. काकांच्या धाकट्या भावाचं वय एक्केचाळीस होतं. त्याच्या वयाला तेव्हा मिळतच नव्हती.

पेन्सिलच्या त्या खुणा मी दुसऱ्या डोससाठी समजत होते. तसंच असेल. पण ज्या माणसाने त्या घरात बसून ८४ पर्यंत मोजलंय, त्याला २८ जून म्हणजे तिमाही अखेर आहे हे दिसलं नसेल, असं आता मला वाटतंय. मला दिसलं असतं का, माहीत नाही. चावी द्यायला हवी होती हे अजून वाटतं. ते उद्याही वाटेल. सेफ वेळेत उघडली नाही म्हणून बाहेर उन्हात उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांना त्यात काही घेणंदेणं नव्हतं. पण त्या "ब्रँचला त्रास नाही" मध्ये मी सकाळपासून जे ऐकत होते तेवढं त्यात नव्हतं बहुतेक. मंगळवारचा त्रास मला झाला हे त्यांना कळलं होतं, आणि तो परत होऊ नये यासाठी त्यांना एवढंच सुचलं असेल. माफी मागायची सवय नाही त्यांना. सेवानिवृत्तीला आलेल्या माणसाला आता कुठे लागणार.

माझा सोमवार मात्र मी बदलणार नाही. मघाशी ग्रुपवर टाकलं, "सोमवारी ५ तारखेला दुपारी लस घेणार आहे. मंगळवारी बरं असेल तर येईन, ताप असेल तर येणार नाही. माझ्या काउंटरची रोख सोमवारी टॅली करून सेफमध्ये जमा करते, ड्रॉवरची चावी रजिस्टरला चढवून मॅडमकडे देते. ज्यांचे डोस बाकी आहेत त्यांनी आपापल्या तारखा इथे टाकल्या तर बरं होईल, मी एका कागदावर लिहून नोटीस बोर्डला लावते."

मॅडमचा अंगठा लगेच आला. साहेबांनी "ओके" लिहिलं. पीओने त्याची तारीख टाकली, ऑगस्टमधली.

काकांचं बऱ्याच वेळाने. "मंगळवारी दोन्ही काउंटर मी बघतो. डोलो आधीच घेऊ नको, ताप आला तर घे, आणि जेवून घे. अर्धा तास बसवून ठेवतात तिथे, पाण्याची बाटली ने."

"हो काका" लिहिलं. शुक्रवारचं त्यांनी परत काढलं नाही.

कागद करायला घेतलाय, मुलाच्या वहीचं मधलं पान. सहा नावं झाली आणि लक्षात आलं, मावशी ग्रुपवर नाहीत. त्यांचा दुसरा कधी आहे ते उद्या विचारायला हवं, आणि त्या दिवशी फरशी कोण पुसणार तेही पुढे लिहायला हवं. साहेबांना खाड्याचं मी बोलणार आहे.