राक्षसापेक्षा गाव डेंजर

आज दिवसभर पावसाची रिपरिप, बाहेर पडायचा प्रश्नच नव्हता, मग भाच्याबरोबर स्ट्रेंजर थिंग्ज या अमेरिकन भयमालिकेचा चौथा सीझन परत लावला, भडंगात कांदा चिरून घातला आणि बसलो. भाचा म्हणतोय मामा राक्षस लई भारी हाय. मला मात्र त्यातलं गावच जास्त डेंजर वाटलं बघा. सीझन आला २०२२ ला पण गोष्ट १९८६ ची, आणि त्या काळात अमेरिकेत खरंच आईबाप घाबरले होते की डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणारी पोरं सैतानाच्या नादी लागत्यात. फासे आणि कागद-पेन्सिलीचा खेळ ओ! तरी एक मुलगी मरते आणि सगळं गाव हा खेळ खेळणाऱ्या लांब केसांच्या एडी नावाच्या पोराच्या मागं लागतं. पहिल्या सीझनला साल १९८३, शीतयुद्ध चालू, म्हणून तिथली भीती सरकारी लॅबमधनं येते.

आपल्याकडं २०१६ ला रात्रीस खेळ चाले ही मालिका आली, तिथं लॅब बिब काय नाही, घरातले थोरले अण्णा गेल्यावर वाड्यात जमलेलं कुटुंब आणि इस्टेट. बरोबरच हाय, आपल्याला भुतापेक्षा भाऊबंदकीची धास्ती जास्त.

मग भाच्याला राईनपाड्याचं सांगितलं. धुळे जिल्हा, १ जुलै २०१८, पोरं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवर फिरली आणि जमावानं पाच जणांना ठार मारलं. तो म्हटला यावर सिरीज काढली पाहिजे. काढा की, फक्त त्यात भूत घालू नका म्हणजे झालं.